कालवांची वाट

फाटकाला कुलूप घातलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तो मार्चमधला मंगळवार होता. पाऊस नव्हता, पण वारा टोचत होता. सॉल्टर्न फार्मच्या त्या फाटकाची कडी चाळीस वर्षांत मी कधी नीट लागलेली पाहिली नव्हती. खालचं बिजागर निखळलेलं असायचं, म्हणून ते जरा उचलूनच सरकवावं लागे. त्या जागी आता नवं लोखंडी फाटक होतं, त्याला साखळी, साखळीला मुठीएवढं पितळी कुलूप, आणि वर पाटी: ‘खाजगी जागा. इथून वाट नाही.’

वाट नाही म्हणे! चर्चच्या मागून निघून शेताच्या कडेकडेने खाडीवर उतरणाऱ्या त्या पायवाटेला आमच्या फ्लीटहॅममध्ये कालवांची वाट म्हणतात. खाडीत कालवं मिळत होती तेव्हा बायका टोपल्या घेऊन याच वाटेने चिचेस्टरच्या बाजाराला जायच्या. लग्नानंतर आम्ही इथे राहायला आलो तोवर कालवं संपली होती, टोपल्यावाल्या बायकाही संपल्या होत्या. वाट मात्र होती. शहरातून सकाळी पायी निघालेला माणूस आमच्या गावावरून दुपारच्या जेवणाआधी समुद्र गाठायचा, तो या वाटेमुळे. ती बंद म्हणजे मोठ्या रस्त्याने पाच किलोमीटरचा वळसा, तोही वाळूच्या ट्रकांना खेटून. चाळिशीतल्या माणसाला ते जमेल. मी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होते. एक गुडघा बदललेला, डोळ्यांमुळे गाडी चालवणं बंद, आणि समुद्राकडे बस जात नाही. वाट गेली की माझा समुद्र गेला.

मी पाटी वाचत उभी होते तेवढ्यात चारचाकी बाईक फटफटत आली. वर फिलिपा.

“वाचता येतं ना, मिसेस डिप्लॉक?”

“येतं. लिहिणाऱ्याला अक्कल आहे का, ते बघतेय.”

फिलिपा ही मेजर वेस्टन यांची पुतणी. मेजर वारले आणि फार्म तिच्याकडे आला. लहानपणी ती उन्हाळ्याच्या सुटीत काकांकडे यायची. एकदा माझ्या परसातल्या कच्च्या गूसबेरी खाऊन माझ्याच पायरीवर ओकली होती. आता पन्नाशीला आली असेल, पण मी तिला अगंतुगंच करते, आणि ते तिला आवडत नाही हे मला माहीत आहे.

“माझ्या दोन मेंढ्या मेल्या,” ती म्हणाली. “गाभण होत्या. कुणाच्या तरी कुत्र्याने पळवून पळवून मारल्या.”

“माझ्याकडे कुत्रा नाही.”

“तुमच्या मागून येतात ना कुत्रेवाले! तुम्हीच पत्रकं छापता. ‘शहरातून समुद्राकडे, दहा सोप्या वाटा’. रविवारी माझ्या शेतात जत्रा भरते.”

“तुझ्या काकांनी इतक्या वर्षांत एकदाही कुणाला अडवलं नाही.”

“काका भिडस्त होते. मी नाही,” ती म्हणाली, आणि बाईक सुरू करून माझ्या अंगावर चिखल उडवत निघून गेली. मुद्दाम उडवला, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

आमच्या चालणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष कॉलिन बॉटिंग. जन्मभर जमिनी मोजण्याची नोकरी केलेला माणूस. नियमांचं पुस्तक हातात आलं की त्याच्या गालांवर रंग चढतो. त्याने आम्हा सगळ्यांना गावच्या पबमध्ये बोलावलं आणि एकेक बोट दुमडत समजावून सांगितलं.

“नीट ऐका. लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने चालत आले असतील तर ती वाट कायद्याने लोकांची होते. जमीन कुणाचीही असो. अटी तीन. दांडगाई करून नाही, चोरून नाही, आणि परवानगीने नाही.”

“परवानगी असली तर उलट बरंच ना?” हिल्डा पॅनेटने विचारलं.

“तिथेच तर मेख आहे! मालकाने ‘या हो’ म्हटलं की तुम्ही पाहुणे. पाहुण्याला दोनशे वर्षांनीही हक्क मिळत नाही. मालक बघतोय, गप्प बसलाय, आणि तुम्ही बापाची वाट असल्यासारखे चाललाय, असं पाहिजे.”

“मग आपण तसेच चाललो,” मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. मेजर कधी भेटलेच तर टोपीला हात लावायचे. ‘या’ नाही, ‘जा’ नाही. त्यांच्या तोंडून त्या वाटेबद्दल मी एक शब्द ऐकला नाही.

कौन्सिलकडे अर्ज करायचा, तर जो जो त्या वाटेने चालला त्याने एकेक फॉर्म भरून द्यायचा होता. ते काम मी अंगावर घेतलं. एकसष्ट फॉर्म जमवले. वृद्धाश्रमात जाऊन जुन्या पोस्टमनची सही आणली. त्याला स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नव्हतं, पण त्या वाटेवर कुठे चिखल साचतो ते आठवत होतं. नववा प्रश्न होता: ‘तुम्हाला मालकाने कधी परवानगी दिली होती का?’ मी शाईच्या पेनाने लिहिलं, ‘नाही. कधीच नाही.’ आणि खाली सही केली.

मग वाट पाहणं सुरू झालं. असल्या कामांना आमच्याकडे वर्षं लागतात. तेवढ्या काळात मी समुद्र एकदा पाहिला, भाचीच्या गाडीच्या काचेतून, आणि तिला पार्किंग मिळालं नाही म्हणून तोही न थांबता. गावात वाकडं वाढतच गेलं. कुणीतरी फिलिपाच्या कुलपात सुपरग्लू भरला. तिने मला दुकानात भर रांगेत गाठलं.

“किती नळ्या लागल्या हो, मिसेस डिप्लॉक?”

“मला विचारू नकोस. माझ्या बोटांनी तर बिस्किटाचा पुडाही फुटत नाही.”

ते मी केलं नव्हतं. वाईट वाटलं, असंही नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आमच्या अर्जावरच्या जाहीर चौकशीची तारीख लागली, आणि तिच्याआधी सहा आठवडे फिलिपाच्या वकिलाने आपली कागदपत्रं पाठवली. कॉलिन माझ्याकडे आला तो टोपी न घालता, बेल न वाजवता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने गठ्ठा आपटला.

“हे काय आहे, थेल्मा?”

नाताळच्या कार्डांच्या झेरॉक्स होत्या. रॉबिन पक्षी, बर्फातलं चर्च, पुन्हा रॉबिन पक्षी. प्रत्येकात माझं अक्षर, पहिल्या कार्डात ताठ आणि शेवटच्यात थरथरतं. ‘प्रिय मेजर वेस्टन, याही वर्षी आम्हाला आपल्या शेतातून जाऊ दिल्याबद्दल मनापासून आभार. सोबत मार्मलेडची बरणी. थेल्मा डिप्लॉक, चिटणीस, मंडळातल्या सर्वांतर्फे.’

मी मोजली नाहीत. कॉलिनने मोजली होती.

“तेवीस! तेवीस वेळा ‘जाऊ दिल्याबद्दल’! म्हाताऱ्याने सगळी जपून ठेवली बुटांच्या खोक्यात, आणि ते खोकं सापडलं कुणाला, तर तिला!”

“मग काय लिहायला हवं होतं? ‘तुमच्या नाकावर टिच्चून गेलो, नाताळच्या शुभेच्छा’?”

“काहीच लिहायचं नव्हतं! कुणी सांगितलं होतं तुला लिहायला?”

कुणीच सांगितलं नव्हतं. माणूस वर्षभर आपल्याला कटकट करत नाही, त्याला नाताळात चार ओळी लिहाव्यात, हे मला आईने शिकवलं. जानेवारीत सेव्हिलची कडू संत्री बाजारात यायची, माझा नवरा जेफ्री साली कापायचा आणि मी पातेल्याशी उभी असायची, दोन दिवस घराच्या खिडक्यांना वाफ. त्यातली एक बरणी मेजरांसाठी नाताळापर्यंत बाजूला काढून ठेवायची. मार्चच्या सुमारास ती धुऊन पुसून माझ्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवलेली असे. चिठ्ठी नाही, काही नाही. जेफ्री म्हणायचा, हा माणूस बायकोशीही असाच बोलत असणार.

त्या शनिवारी मंडळाची तातडीची बैठक झाली. माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती ती दाराजवळ, एकटी. हिल्डाचा नवरा रॉय माझ्याकडे न बघता बोलला, “एका बरणीपायी वाट घालवली. छान.”

“बरणी नव्हे, तेवीस बरण्या,” मागून कुणीतरी म्हणालं.

कॉलिनने घसा साफ केला. “एकच मार्ग आहे. थेल्मा, तू लिहून दे की ही कार्डं तू स्वतःच्या मनाने पाठवलीस. मंडळाला काही माहीत नव्हतं. म्हणजे फार तर तुझी साक्ष बाद होईल. बाकीचे साठ जण उभे राहतील.”

मी गठ्ठा हातात घेतला, एक कार्ड काढलं आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथे डाव्या बाजूला, माझ्या मजकुरासमोर, सगळ्यांच्या सह्या होत्या. हिल्डा आणि रॉय, दोघांत मिळून एक बदाम. त्याखाली सी. बॉटिंग आणि शेजारी हसरा चेहरा काढलेला.

“हे डुक्कर कुणी काढलं?” मी विचारलं.

“ते डुक्कर नाही, तो मी आहे,” कॉलिन म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. “मी… न वाचता सही केली.”

“मोजणी खात्यात होतास ना रे तू?”

प्रत्येकाला आठवलं असणार. नाताळच्या जेवणाला पुडिंग येईपर्यंत कार्ड टेबलावरून फिरायचं, हातात पेन आलं की सही करायची. आमच्याकडे कुणाचं ऑपरेशन असो, कुणाची बदली असो, कार्ड फिरतं आणि आपण सही करतो. काय लिहिलंय ते वाचणं जरा चोंबडेपणाचंच वाटतं. तेवीस वर्षं सगळ्या मंडळाने, लेखी, सहीनिशी, आपण पाहुणे असल्याचं कबूल केलं होतं.

माफी कुणी मागितली नाही. उलट माझ्यावरचा राग वाढला, कारण आता तो त्यांच्यावरही उलटत होता. चर्चमध्ये महिनाभर हिल्डा माझ्या बाकावर बसली नाही.

चौकशीच्या आठवडाभर आधी फिलिपा माझ्या दारात आली. मी दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. चहाला विचारलं नाही. चाळीस वर्षांत या दारात मी कुणाला असं उभं ठेवलं नव्हतं, मीटर वाचणाऱ्यालासुद्धा.

तिने खिशातून किल्ली काढली. “ही फाटकाची. तुमच्यासाठी. हव्या तेव्हा जा, हव्या तेवढ्या वेळा जा, मरेपर्यंत. लेखी देते.”

“आणि मी काय लिहून द्यायचं?”

“जे खरं आहे तेच. काकांच्या परवानगीने जात होतात, एवढंच. तुम्ही स्वतः तेवीस वेळा लिहिलंच आहे. चोविसाव्यांदा लिहायला काय जड जातंय?”

मी किल्लीकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, हात शिवशिवले. निकाल कधी लागेल, लागेल तेव्हा मी असेन की नाही, काही ठाऊक नव्हतं. ज्यांच्यासाठी भांडायचं ते तर माझ्याशी बोलतही नव्हते. किल्ली घेतली असती तर दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाण्यावर असते.

“फिलिपा,” मी म्हणाले, “तुझ्या काकांनी मला काही दिलं नाही. बरणीसुद्धा परत केली. तूही देऊ नकोस.”

“हट्टी म्हातारी,” ती म्हणाली. कुजबुजत नाही, चांगलं स्वच्छ.

“पायरी जपून उतर. तुझं आणि या पायरीचं जुनं नातं आहे.”

चौकशी गावच्या हॉलमध्ये झाली. निरीक्षक म्हणून एक जाड, शांत बाई आल्या होत्या. पायात चालायचे बूट, म्हणजे सकाळीच वाट बघून आल्या असणार. फिलिपाचा वकील लंडनचा, नाव क्रेल, आवाज असा की वाईट बातमी सांगायला डॉक्टरांनी भाड्याने घ्यावा. एकेक जणाला त्याने कार्ड दाखवलं आणि ‘ही सही आपलीच का?’ एवढंच विचारून खाली बसवलं. कॉलिनचा हसरा चेहरा त्याने मोठा करून आणला होता. शेवटी मला बोलावलं.

“‘जाऊ दिल्याबद्दल आभार.’ मिसेस डिप्लॉक, जो जाऊ देतो त्याचेच आभार मानतात ना?”

“बसमधून उतरताना मी ड्रायव्हरचे आभार मानते,” मी म्हणाले. “तिकीट काढलेलं असतं तरी.”

हॉलमध्ये थोडा हशा झाला. क्रेलही हसला, फक्त तोंडाने.

“मेजर वेस्टन यांनी भेट स्वीकारली. बरणी परत केली. म्हणजे तुमच्यात समजूत होती.”

“पुढच्या वर्षीसाठी बरणी लागते. तुमच्याकडे फेकून देतात का?”

“बरं.” त्याने चष्मा काढला. “समजा, एखाद्या रविवारी मेजर फाटकात उभे राहून म्हणाले असते, ‘आजपासून येऊ नका.’ तुम्ही काय केलं असतं?”

कॉलिन माझ्याकडे असा टक लावून बघत होता की उत्तर त्याच्या कपाळावर वाचता येत होतं: गेले असते, ढकलून गेले असते. तेच म्हणायचं होतं. पण मी शपथ घेतली होती, आणि त्याहून म्हणजे मी मला ओळखते.

“मी विचारलं असतं, मेजर, बरं वाटत नाही का? आणि परत फिरले असते.”

कॉलिनने डोक्याला हात लावला. रॉय मोठ्याने म्हणाला, “झालं! बुडवलं!” निरीक्षक बाईंनी त्याला गप्प केलं. फिलिपा मांडीवरची पर्स नीट करत हसत होती.

“परत फिरला असतात,” क्रेल म्हणाला. “कारण वाट त्यांची होती.”

“नाही. कारण म्हाताऱ्या माणसाशी फाटकात हुज्जत घालत नाहीत. पुढच्या रविवारी गेले असते.”

“न विचारता?”

“चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, ते तेव्हा कशाला विचारीन?”

“पण आभार तर मानत होतात!”

“आभार मानायला आधी विचारावं लागत नाही,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “तुम्ही कुठे वाढलात मला माहीत नाही. आमच्याकडे आधी मानून टाकतात.”

निरीक्षक बाईंनी हे सावकाश लिहून घेतलं. लिहून झाल्यावर वर बघितलं, पण चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

निकाल पाच महिन्यांनी आला, सव्वीस पानांचा. कॉलिनने फोनवर वाचून दाखवला. मेजर गप्प राहिले होते आणि गप्प राहणं म्हणजे परवानगी देणं नव्हे. कार्डं ही इथल्या लोकांची रीत आहे, तिच्यावरून कुणी परवानगी मागितली आणि कुणी ती दिली असं ठरत नाही. कालवांची वाट लोकांची आहे. रुंदी दीड मीटर.

पबमध्ये मोठी पार्टी झाली. ‘झालं, बुडवलं’वाला रॉय माझ्या गळ्यात पडायला आला, मी ग्लास मध्ये धरला. त्याच बैठकीत मंडळाने नवा नियम केला: यापुढे कुठल्याही शेतमालकाचे आभार मानायचे नाहीत, तोंडी किंवा लेखी. मी एकटीने विरोधात मत दिलं. चिटणीसपदही त्या दिवशी सोडलं. शहराभोवतीचे शेतकरीही आमच्यासारखेच शहाणे निघाले. महिन्याभरात जिकडे तिकडे पाट्या लागल्या: ‘मालकाच्या परवानगीने वाट खुली.’ म्हणजे पुन्हा कुणाला वीस वर्षं मोजता येऊ नयेत. तीस वर्षं मला हात करणारा एक शेतकरी पाटी ठोकताना दिसला, तर त्याने मान दुसरीकडे वळवली.

आणि फिलिपाने कुंपण घातलं.

दोन्ही बाजूंनी, लाकडी फळ्यांचं, माझ्या डोक्यावरून वर जाणारं, कायद्यात बसेल तेवढं उंच. मध्ये बरोबर दीड मीटर. पूर्वी त्या शेताच्या मधोमध आलं की मागे वळून शहरातल्या कॅथीड्रलचा निमुळता मनोरा दिसायचा आणि पुढे पाणी. जेफ्री होता तेव्हा तिथे थांबून दरवेळी म्हणायचा, “हे दोन्ही एका ठिकाणाहून दिसतं, म्हणून घर इथे घेतलं.” आता तिथे फळ्या दिसतात. डांबराच्या वासाच्या, एकही फट नसलेल्या. चारशे दहा पावलं.

ऑक्टोबरात मी त्यातून गेले. खाडीवर पोचले तेव्हा ओहोटी होती, सगळा चिखल उघडा पडलेला, उत्तरेकडून आलेले काळसर रानहंस त्यात कुरकुरत चरत होते. वारा नेहमीसारखाच वाईट होता. मी बांधावर बसून सँडविच खाल्लं, फ्लास्कमधला सगळा चहा संपवला, पाणी परत चढायला लागेपर्यंत बसले. तिथे मला जेफ्रीची मुद्दाम आठवण काढायची गरज पडली नाही.

परतताना फळ्यांच्या मधोमध गुडघा धरला. मी काठीवर भार टाकून उभी राहिले. पलीकडून आवाज आला.

“मिळालं ना हवं ते?”

“मिळालं.”

“मग आता तिथे उभ्या कशाला आहात?”

“दम खातेय.”

“वाट चालायला असते, मिसेस डिप्लॉक. थांबायला नाही. थांबायचा हक्क निकालात दिलेला नाही.”

“दम खाणं चालण्यातच धरतात. कॉलिनने कलम दाखवलंय.”

मला तिचे बूट चिखलात रुतल्याचा आवाज येत होता; म्हणजे गेली नव्हती. आमच्या दोघींच्या मध्ये एक इंच लाकूड. गुडघा केव्हाच सुटला होता. मी घड्याळात पाहिलं आणि आणखी पाच मिनिटं तशीच उभी राहिले.

“अजून आहात?” फिलिपाने विचारलं.

“आहे,” मी म्हणाले.